नामदेव कड यांचा कप्पा

आमच्या कंपनीत नवीन माणूस आला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतो. "मॅडम, कोडमध्ये हे मराठीत कुणी लिहून ठेवलंय?" मी सांगते, कडभाऊंनी. मग तो विचारतो, ते कुठे बसतात? मी म्हणते, सोडून गेले, आणि विषय बदलते. इतकी वर्षं विषय बदलून झाला, आज लिहूनच काढते.

कडभाऊ म्हणजे नामदेव कड. चाकणजवळच्या एका गावचे. घरची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली आणि हे आयटीआय करून त्याच पट्ट्यात वायरमन म्हणून लागले. शिफ्ट सांभाळून डिप्लोमा केला, पुस्तकं आणून स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले, आणि चाळिशीला येईतो मारुंजी रोडवरच्या आमच्या चाळीस माणसांच्या कंपनीत वायरलेस ड्रायव्हरचे सर्वेसर्वा झाले. हा ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्रॅम. रेडिओची चिप एक भाषा बोलते, बाकीचं यंत्र दुसरी, आणि हा मध्ये बसून दोघांचं बोलणं पोचवतो. गावाला हे कुठलं कळायला. कडांचा नाम्या कंपनीत ड्रायव्हर आहे एवढंच तिथे ठाऊक होतं, आणि एकदा कुणीतरी त्यांना वऱ्हाडाची जीप चालवायलाही बोलावलं होतं. "मंग, गेलात का?" असं मी त्यांच्याच ढंगात विचारलं, तर म्हणाले, "गेलो की. दोन फेऱ्या मारल्या."

अर्ध्या बाहीचा शर्ट, पायात चपला आणि खिशात लाल टेस्टर. दिवसभर की-बोर्ड बडवणाऱ्या माणसाला टेस्टर कशाला लागतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कोडमधल्या टिपा ते मराठीत लिहायचे, इंग्रजी अक्षरांत. वरिष्ठांनी तीन-चारदा हटकलं. कडभाऊंनी मान डोलावली आणि पुन्हा मराठीतच लिहिलं. मी लातूरहून आलेली, म्हणून मला पहिल्या दिवसापासून 'लातूरकर' म्हणायचे. माझं नाव सुनीता आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

माझं काम तपासणीचं, म्हणजे यांनी लिहायचं आणि मी मोडून बघायचं. रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला जागेवर बसूच दिलं नाही. कँटीनच्या बाहेर लोखंडी लॉकरची रांग होती, कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून मालकांनी उचलून आणलेली. तिथे नेऊन उभं केलं.

"हे लॉकर कुनाचं?"

"कंपनीचं."

"आतलं सामान?"

"ज्याचं त्याचं."

"कंपनी आत बघती का? न्हाई. किल्ली तुमची. पन तुमी नोकरी सोडली का लॉकर रिकामं. मंग ते दुसऱ्याला मिळतं. आता तुमी सा महिन्यानं परत आला, आन जुना नंबर ध्यानात हाय म्हनून त्याच लॉकरात डबा ठिवला. काय व्हईल?"

"दुसराच कुणीतरी खाईल."

"आन तुमी बसताल उपाशी. झालं तुमचं ट्रेनिंग."

खरोखरच झालं होतं. आमच्या बोर्डांवर तीन वेगवेगळ्या जातींच्या चिपा असत. तिघींचं सारखं असेल ते काम एका सामाईक चौकटीत व्हायचं, आणि ती चौकट कडभाऊंनी उभी केली होती. कुठलंही यंत्र जोडलं गेलं की चौकट त्याची एक नोंद करायची आणि नोंदीच्या शेपटाला त्या-त्या ड्रायव्हरसाठी एक खासगी कप्पा सोडायची. कप्प्यात काय आहे ते चौकट कधी बघत नसे. यंत्र सुटून गेलं की नोंद पुसली जाई आणि तिच्यासोबत कप्पाही. म्हणून ड्रायव्हरने कप्प्याचा पत्ता आपल्याकडे लिहून ठेवायचा नाही, लागेल तेव्हा चौकटीला विचारायचा. कडभाऊंच्या जागेमागच्या फळ्यावर हेच निळ्या मार्करने लिहिलेलं होतं: 'पत्ता ठेवायचा नाही. दर वेळी विचारायचा.' फळा पुसणाऱ्या मावशीसुद्धा तेवढा कोपरा सोडून पुसायच्या.

या नियमापायी त्यांनी एका माणसाला रडवलं होतं, ते सांगायला हवं. प्रशांत म्हणून आमच्यात एक होता, हुशार आणि घाईचा. त्याने एका ठिकाणी कप्प्याचा पत्ता जपून ठेवला. लिहायच्या चार ओळी वाचल्या, काम जरा वेगाने झालं. कडभाऊंनी ते पाहिलं आणि सगळ्यांना प्रोजेक्टरच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर ती ओळ मोठी करून लावली. "ही कुनाची?" प्रशांतने हात वर केला. "किती वाचलं?" तो म्हणाला, "थोडा वेळ." "आन मान्सं किती वाचली?" खोलीत सगळे हसले. मीही हसले. प्रशांतचे डोळे भरून आले होते, आणि तीन महिन्यांत त्याने कंपनी सोडली. कडभाऊ कुणाबद्दल मनात डूख धरायचे नाहीत, पण बोलताना माणूस कापला जातोय हे त्यांना कळायचं नाही. मला त्यांचा हा स्वभाव तेव्हाही आवडला नव्हता आणि आजही आवडत नाही.

स्वतःचा कप्पा मात्र पक्का बंद. घरी कोण, काय, कधी बोलले नाहीत. वहिनी आहेत हे आम्हाला डब्यावरून ठाऊक होतं. पितळी डबा, त्यात भाकरी आणि रोज वेगळं कालवण, वर चिमूटभर भाजलेले तीळ. एका उन्हाळ्यात तो डबा यायचा थांबला आणि कडभाऊ कँटीनचा भात खायला लागले. दुपारी अडीच-तीन तास गायब व्हायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "बँकेत काम व्हतं." आठवड्यातून दोनदा बँकेत कुणाचं काम असतं? मी पुढे विचारलं नाही. ते कसे आपल्या गोष्टी आपल्यापाशी ठेवतात, याचं तर आम्हाला कौतुकच होतं. वहिनींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, तेही ऑफिसात विम्याच्या कागदांवर सही करणाऱ्या मुलीकडून.

त्याच उन्हाळ्यात चाकणच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. शेडमध्ये सुटे भाग वाहणाऱ्या, माणसाशिवाय चालणाऱ्या ट्रॉल्या. सोबतच्या कामगाराच्या हातात एक रिमोट, त्यावर लाल बटण. बटण दाबलं की ट्रॉली जागच्या जागी थांबायची. ट्रॉली आणि रिमोट यांच्यातलं बोलणं आमच्या बोर्डावरून चालायचं. शेड लांबलचक, म्हणून मध्येच ट्रॉलीचं कनेक्शन एका वायफायच्या खांबावरून दुसऱ्यावर जायचं, आणि तेव्हा जुन्या नोंदी पुसून नव्या होईतो ट्रॉली क्षणभर अडखळायची. ते अडखळणं गिऱ्हाइकाला खुपत होतं.

"अडखळू द्या," कडभाऊ दोन आठवडे सांगत होते. "थांबली तर कुनी मरत न्हाई."

पण वरून रोज फोन. शेवटी एका दुपारी कडभाऊ त्या 'बँके'तून आले, घामाघूम, हातात औषधांची पिशवी. पिशवी टेबलाखाली ठेवली आणि वीस मिनिटांत काहीतरी लिहिलं. ट्रॉली अडखळायची थांबली. नियमाप्रमाणे ते दुसऱ्या कुणीतरी वाचून बघायला हवं होतं. कुणी वाचलं नाही, कारण कडांचं लिहिलेलं काय वाचायचं! माझ्या तपासणीतही ट्रॉली खांब बदलत मागे येतेय आणि त्याच वेळी कुणी बटण दाबतंय, असा प्रसंग नव्हता. घालावा असं मनात आलं होतं. पण चौकट कडांची, दुरुस्ती कडांची, म्हणून मी पास लिहून टाकलं.

सहा-सात महिन्यांनी एकदा ट्रॉली मागे येत असताना अंकुश नावाचा ठेकेदाराकडचा कामगार तिच्या आणि रॅकच्या मध्ये सापडला. पुढच्या बाजूला धक्क्याने थांबवणारी पट्टी होती, मागे नव्हती. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. तो पहिल्यापासून एकच सांगत होता, मी बटण दाबलं होतं. कारखान्याच्या कागदावर मात्र लिहिलं गेलं की कामगाराने बटण दाबलं नाही आणि तो ट्रॉलीसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत उभा होता.

कडभाऊ तेव्हा रजेवर होते, वहिनींना दवाखान्यात ठेवलं होतं. ट्रॉलीवरचा बोर्ड तपासायला माझ्याकडे आला. मी लॉग काढला. यंत्र क्षणाक्षणाला आपली हकीगत लिहून ठेवतं, तो लॉग. त्यात स्पष्ट होतं की थांबण्याचा निरोप आला होता, दोन सेकंदांच्या आत, तीन वेळा. मी मालकांकडे गेले. त्यांनी लॉग चष्मा लावून नीट वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "हा आपला अंतर्गत डेटा आहे. तुझ्याकडेच राहू दे."

आणि मी राहू दिला. दोन महिने. कडभाऊ परत आले, समोर बसू लागले, तरी बोलले नाही. त्यांच्यामागे आधीच काय कमी आहे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण तसं नव्हतं. मारुंजीतल्या खोलीचं भाडं, धाकट्या भावाचं कॉलेज, आणि माझा मुळातला भित्रेपणा, ही खरी कारणं होती.

एका सकाळी त्यांनीच विचारलं, "लातूरकर, त्या ट्रॉलीचा लॉग निघाला का न्हाई?"

मी फाइल उघडून दिली. त्यांनी तीन ओळींवर बोट ठेवून वाचलं. "निरोप आलाय. मंग ट्रॉली का थांबली न्हाई?" त्यांनी स्वतःचा कोड उघडला आणि वरून खाली सावकाश येत एके ठिकाणी थांबले. खांब बदलला तरी अडखळू नये म्हणून रिमोटच्या कप्प्याचा पत्ता तिथे जपून ठेवलेला होता. नोंद पुसली गेली, नवी झाली, तिला नवा कप्पा मिळाला, आणि थांबण्याचा निरोप जुन्याच पत्त्यावर जात राहिला. ट्रॉली नव्या कप्प्यात बघत होती आणि तिथे काहीच नव्हतं. त्या ओळीवर त्यांचीच टीप होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली, शाळेतलं पोर वाचतं तशी.

"तात्पुरतं हाय. काढायचं."

मग त्यांनी खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण त्यांनी फोन उचलला. प्रशांतला लावला. तो आता दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर होता. "प्रशांत, नामदेव कड बोलतोय. तुझी ती ओळ म्या पडद्यावर लावली व्हती बग. तसलीच माझी निघाली. मान्साचा पाय गेला." पलीकडून तो काय बोलला मला कळलं नाही. कडभाऊ नुसतं "व्हय, व्हय" करत होते.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या काचेच्या खोलीत आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"कड, दुरुस्त केलंत ना? झालं तर मग," मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आवाजात खरीच काळजी होती. "वहिनींचे उपचार चालू आहेत. ते आपल्या विम्यातून होतात, विसरू नका."

"इसरलो न्हाई सायेब. कागदावर त्यानं बटन दाबलं न्हाई असं लिवलंय. त्यानं दाबलंय. येवढं एक पत्र आपन कारखान्याला देऊ."

"तो आपला माणूस नाही. ठेकेदाराचा आहे."

"पाय त्याचाच हाय."

"पत्र दिलं तर कंपनी बंद होईल. चाळीस घरं आहेत, कड. त्यात तुमचंही आहे."

कडभाऊंनी खिशात हात घातला. मग म्हणाले, "इंदूशी बोललोय काल. ती म्हनली, मला तुमी आठवड्यातून दोनदा त्या मशिनला लावता, म्या डोळं मिटून पडती, कारन मशिन लिवनाऱ्यानं नीट लिवलंय असं धरून चालती." एवढं बोलून त्यांनी लॉकरची किल्ली काढून मालकांच्या टेबलावर ठेवली. मी शेजारीच उभी होते. लॉग मी काढला होता, एक शब्द बोलायला हवा होता. मी बोलले नाही.

पत्र त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने लिहिलं आणि कारखान्याच्या गेटवर देऊन पोच घेतली. त्यावर कुणी काही केल्याचं माझ्या कानावर आलं नाही. वहिनींना ते पुढे पिंपरीला महापालिकेच्या दवाखान्यात नेऊ लागले. वर्षभराने त्या गेल्या. कडभाऊ गावी मोटारी दुरुस्त करतात असं ऐकते. मी गेले नाही, कुठल्या तोंडाने जाणार!

पण त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं आहे, नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या रविवारचं. त्यांचा सकाळी फोन आला. "लातूरकर, ते लॉगचं पान छापून द्याल का? आन जमलं तर संगं या. मला एकट्याला त्या घरात शिरायला व्हनार न्हाई." पान मी छापलं. माझी सही घालायची हिंमत झाली नाही. त्यांनीही मागितली नाही.

काळेवाडीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. अंकुश गादीवर भिंतीला टेकून बसला होता, तिशीच्या आतबाहेरचा. बायको, तीनेक वर्षांची मुलगी आणि थोरला भाऊ. भावाने आम्हाला ठेकेदाराची माणसं समजून तोंड वाकडं केलं. "आता कशावर सही पायजे?" त्याने विचारलं. बोली माझ्या गावाकडची होती.

कडभाऊ उंबऱ्याशी उभे राहूनच बोलले. चपला काढून हातात धरल्या होत्या, खाली ठेवायचं सुचलं नसावं. "मी नामदेव कड. ट्रॉलीतला वायरलेसचा प्रोग्रॅम माझा. चूक माझी व्हती. तुमी बटन दाबलं व्हतं. निरोप आला व्हता, पन माझ्या चुकीनं ट्रॉलीला कळला न्हाई. हे बगा." त्यांनी पान पुढे केलं.

अंकुशने पान घेतलं. इंग्रजी आकड्यांच्या रांगा, त्याला त्यातलं काय कळणार? कडभाऊंनी वाकून तीन ओळी दाखवल्या. "ही एक. ही दुसरी. ही तिसरी. तीन येळा दाबलंत तुमी."

"तीन?"

"तीन."

अंकुश आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघायला लागला. मग सावकाश म्हणाला, "समदे म्हणले दाबलो नाही. सायेब म्हणले, ठेकेदार म्हणला. ह्यो माझा भाऊबी म्हणला, आठवून बघ, घाबरून राहिलं असंल. मलाबी वाटाय लागलं, नसंल दाबलो. पाय माझ्याच हातानं गेला म्हणून रोज..." 

भाऊ खाली मान घालून उभा होता. बायकोने पदर तोंडाला लावला.

कडभाऊ वाट बघत होते. कशाची ते मला तेव्हा कळलं. ते शिव्या खायला आले होते. कुणीतरी गळा धरावा, दोन थोबाडीत द्याव्यात, म्हणून तयारीने उभे होते. "चूक माझी हाय," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. पण त्या खोलीत त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. अंकुश बायकोला सांगत होता, भावाला सांगत होता, मुलीला जवळ ओढून तिला पान दाखवत होता. शेजारीण दारात डोकावली तर तिलाही सांगितलं. मग त्याने फोन मागितला.

आम्ही बाहेर आलो. मी जिना उतरायला लागले आणि मागे वळून पाहिलं, तर कडभाऊ अजून वरच होते. दाराबाहेर, भिंतीला खांदा लावून, चपला तशाच हातात. "भाऊ, चला," मी म्हणाले. त्यांनी हाताने मला थांब म्हटलं. आत अंकुश गावाकडे आईशी बोलत होता आणि त्याचा आवाज जिन्यात स्पष्ट ऐकू येत होता.

"मी दाबलो होतो, आई. तीन येळा दाबलो होतो."